झेंडूवरचं फुलपाखरू

फौजेतला कृष्णात एकाहत्तर साली दसऱ्याला रजेवर आला, तो कॅमेरा घेऊनच. रोज सकाळी परसातले बुलबुल आणि फुलपाखरं टिपत बसायचा. रजा अर्धी सरली नाही तोच परत बोलावल्याची तार आली. निघताना त्याने वर्दीतला स्वतःचा एक फोटो वडिलांकडून, तात्याबांकडून, काढून घेतला आणि कॅमेरा त्यांच्याच हातात ठेवला.

"आबा, एक फोटू उरलाय. झेंडूवर फुलपाखरू बसलं की काढा. पर आदी ही चावी फिरवा, न्हाईतर फोटूवर फोटू येतोय."

एस.टी. गेल्यावर तात्याबा झेंडूच्या ओळीसमोर जाऊन बसले. डोळे भरून आले होते. तेवढ्यात फुलपाखरू बसलं, त्यांनी घाईने बटण दाबलं आणि चावी फिरवायची राहून गेली.

इस्लामपूरच्या स्टुडिओतून फोटो आले. फुलपाखरू कुठेच दिसत नव्हतं. कृष्णातच्या गळ्याभोवती मात्र झेंडूची फुलं उमटली होती. त्याच्या आईने, सुलाबाईने, तो फोटो बघितला आणि ट्रंकेच्या तळाशी उलटा घालून ठेवला.

"जित्या पोराच्या फोटूला हार," एवढंच ती बोलली.

डिसेंबरात लढाई झाली. कृष्णात आला नाही. भिंतीवर लावायला त्याचा तेवढा एकच फोटो घरात होता.

वर्षश्राद्धाला पाहुण्यांनी हार आणला, तेव्हा सुलाबाईने हात आडवा केला.



"ऱ्हाऊ द्या. त्येच्या बानं कवाच घातलाय."