हर्निया

विश्वासच्या अंडकोषात गाठ झाली होती, न दुखणारी. सोनोग्राफीत ती कॅन्सरची निघाली. पण डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, ती बाजू काढली की पोरगा खडखडीत बरा होईल, पुढे संसारालाही अडचण नाही.

भोपाळच्या त्या कारखान्याच्या कॉलनीत एका क्वार्टरमधल्या फोडणीनं चार घरांना ठसका लागायचा, आणि विश्वासचं लग्न व्हायचं होतं. म्हणून त्याच्या आईनं, वसुधाबाईंनी, विचारेल त्याला सांगितलं, "हर्निया हो. जरा सूज होती, दुखतखुपत काही नव्हतं." खोटं बोलताना त्यांची जीभ एकदाही अडखळली नाही.

पुढं विश्वास बरा झाला, त्याचं लग्नही ठरलं. वसुधाबाई पेढे घेऊन शेजारच्या शालिनीताईंकडे गेल्या, तर त्या लेकाला, हेमंतला, घेऊन नुकत्याच दवाखान्यातून आल्या होत्या.

"अंडकोषात कॅन्सरची गाठ निघाली," त्या हलकेच म्हणाल्या. "आता फुप्फुसापर्यंत पोचलीय म्हणे."

वसुधाबाईंनी पेढ्यांचा डबा पदराखाली घेतला.



"दिवाळीतच बोलला होता तो सुजलंय म्हणून. पण दुखत नव्हतं ना, वहिनी. मीच म्हटलं, घाबरू नकोस, आपल्या विश्वाससारखा हर्निया असेल."