नाकातला जंतू

"बाजूला हो!" डॉक्टर गरजले आणि हत्यारांचा ट्रे त्यांनी कसबे सिस्टरांच्या अंगावर भिरकावला. सुरीने सिस्टरांचा तळहात चिरला, तरी ऑपरेशन थिएटरच्या दारातून त्या हलल्या नाहीत.

महिन्याभरात तीन पेशंटच्या टाक्यांत पू झाला, तेव्हा औषधांना न जुमानणारा जंतू कुणाच्या नाकात लपलाय हे शोधायला डॉक्टरांनीच सगळ्या स्टाफची तपासणी लावली होती. रिपोर्टची वाटही न पाहता सफाईवाल्या मावशींच्या कानाखाली जाळ काढला होता. आज रिपोर्ट आला. मावशींच्या नाकात काही नव्हतं. जंतू निघाला तो डॉक्टरांच्याच.

फरशीवरचं रक्त पाहून डॉक्टर भानावर आले. "चुकलं माझं, सिस्टर. हात दाखवा, टाके घालतो."

सिस्टरांनी हात पाठीमागे घेतला.

"तुमच्या हातून नको, सर."