सतरा लाल डोळे

निश्चितार्थाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, फोटोत सगळ्यांचे डोळे भुतासारखे लाल आले होते. नवरदेव कार्तिकेयच्या आत्याने, गंगाबाईने, लगेच स्टुडिओला फोन लावला.

"फ्लॅशचा उजेड डोळ्याच्या आतल्या रक्तावरून परत येतो, अम्मा, म्हणून लाल दिसतं," स्टुडिओवाला म्हणाला. "पुसून देतो."

पंगतीत कोणी पायसम किती वेळा मागून घेतलं हेसुद्धा लक्षात ठेवणारी बाई ती. तिने मोजलं. माणसं नऊ, लाल डोळे सतरा. काळा राहिलेला एकटा डोळा नवरीचा होता, हरिताचा डावा.

संध्याकाळी तिने हरिताला घरी बोलावून फोटो पुढे सरकवला. पोरीचा चेहरा उतरला.

"काचेचा आहे, आत्या. लहानपणीच गेला. कार्तिकेयला पहिल्या दिवशी सांगितलं. तुम्हाला सांगू नको म्हणाले माझे अप्पा. तंजावुरात आपली मराठी घरं मोजकी, एकाने नाही म्हटलं की सगळीकडे कळतं." तिने बोटातली अंगठी अर्धी काढलीसुद्धा. "मोडायचं असेल तर..."

"डावीकडचं काहीच दिसत नाही?"

"नाही."

गंगाबाईने अंगठी पुन्हा नीट बसवली. "मग रिसेप्शनला उजवीकडे नवरा आणि डावीकडे मी उभी राहीन. कोण येतंय ते कानात सांगत जाईन. आमच्याकडची माणसं तशीही दोन डोळ्यांना झेपत नाहीत."