ताईंना फोन द्या

"ताई आत आहे, बोलावते," असं म्हणून बाईंनी फोनवर हात ठेवला, मनात दहापर्यंत आकडे मोजले आणि आवाज जाड केला. "हं, बोला."

रुग्णालयातल्या नर्सबाईंनी रोजचेच प्रश्न विचारले. धाकटी वाकत नाही ना? अंघोळीला धरून नेता ना? ताई सगळ्याला हो म्हणाल्या.

खरं तर बाईंना बहीणच नव्हती. त्यांना कोणीच नव्हतं. पण साठी उलटल्यावर त्यांचा कणा एका बाजूला इतका कलला की चार पावलं टाकताना जीव मेटाकुटीला येई, आणि सर्जनने तर स्पष्टच सांगितलं होतं, तीन महिने सांभाळायला घरी माणूस असेल तरच पाठीत सळ्या घालीन. बाईंनी तिथल्या तिथे एक थोरली बहीण जन्माला घातली. बालवाडीत तीस वर्षं वाघापासून उंदरापर्यंत सगळ्यांचे आवाज काढलेले, एक ताई काय जड होती?

पाठ सरळ झाली, पण वाकायला बंदी होती. पडलेली वस्तू पडलेलीच राहायची. दोन चमचे, कंगवा, एक मोजा. बाई त्यांना वळसा घालून जात.

फोन रोज सहाला यायचा, रविवारीसुद्धा. सुरुवातीला बाई तीन-चार वेळा घंटा वाजू देऊन मगच फोन उचलायच्या. मग त्या पाचपासूनच घड्याळाकडे बघू लागल्या. नर्सबाईंचं ताईंशी चांगलंच जमलं. बोलताना मागे कधी नळ वाहत असे, कधी भांडी वाजत. एकदा त्या म्हणाल्या, "नियम आहे म्हणून फोन करते, पण ताई, तुमच्याशी बोललं की बरं वाटतं."

फोन ठेवल्यावर बाईंना रडू आलं. नर्सबाईंचा जीव जडला होता तो ताईंवर, बाईंवर नव्हे.

तीन महिन्यांनी त्या तपासणीला एकट्याच गेल्या. सर्जन खूश झाले. आता खोटं पुरे, बाईंनी ठरवलं. नर्सबाईंना सगळं सांगून टाकायचं, आणि बहीण नसली तरी मला फोन कराल का, एवढंच विचारायचं.

त्यांनी खिडकीतल्या कारकुनाला विचारलं, "आमच्या वॉर्डातल्या नर्सबाई कुठे भेटतील? गळ्यात चष्म्याची दोरी असते बघा. रोज सहाला घरी फोन करतात त्या."

"रोज? आम्ही पेशंटला एकदाच फोन करतो, पहिल्या आठवड्यात," कारकून म्हणाला. त्याने फाइलमधली तारीख पाहिली. "आणि त्या नर्सबाई तर तुम्हाला घरी सोडलं त्याच दिवशी निवृत्त झाल्या."