चौथीच्या वर्गातलं जहाज

"बुडालं!" कचरू ओरडला, आणि चौथीचा सगळा वर्ग हळहळला.

शाळेच्या पटांगणात चुन्याने आखलेल्या चौकटींवर एक पाट उलटा पडला होता. तो पाट म्हणजे लाँच, चौकटी म्हणजे समुद्र आणि कोपऱ्यातला काळा दगड म्हणजे खडक. खांबाला ठोकलेलं बैलगाडीचं चाक हे सुकाणू. एक पोरगं वारा, एक पोरगं भरती, आणि तिघं जण पाट्यांवर हिशेब करून लाँच किती चौकटी सरकली ते सांगायचे. परदेशात हे काम विजेवरचं गणकयंत्र करतं, असं गुरुजींनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. दुसरबीड गावात वीज नव्हती, पोरं मात्र रग्गड होती.

"तुझा काही इलाज नव्हता, बेटा," सुकाणूवरच्या पोराच्या पाठीवरून हात फिरवत नीळकंठ गुरुजी म्हणाले. लाँच बुडवणाऱ्या प्रत्येकाला ते हेच म्हणत.

कुंपणापलीकडे आपल्या अंगणात उभ्या असलेल्या मंजुळाबाईंना भडभडून आलं. गुरुजी, त्यांचा नवरा, डोळ्यांदेखत झिजत होता, आणि त्यांच्या हातात काही नव्हतं.

त्यांचा मुलगा चिंतामण कोकणच्या लाँचवर सुकाणू धरायचा. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात लाँच खडकावर फुटली, कोणीच वाचलं नाही. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी एवढंच पाहिलं, की आधी धूर थांबला, म्हणजे इंजिन बंद पडलं, मग लाँच वाहत वाहत खडकाकडे गेली. पहाटे वारा पडला, तेव्हा तिथे फक्त फळ्या होत्या.

पुढे मंजुळाबाई माहेरी, बीबीला गेल्या असताना, त्याच लाँचवर पोरगा गेलेली एक बाई कोकणातून पत्ता काढत दारात येऊन गेली. काय बोलली ते गुरुजींनी कधी सांगितलं नाही. पण त्यानंतर ते जाऊन तो खडक पाहून आले, आणि आल्या आल्या पटांगणात चुना पडला.

"अजी गुरुजी," पुंजाजी एकदा म्हणाला होता, "इथं खडकपूर्णेले गुडघाभर पाणी नाई, अन् माही पोरगी जहाज हाकून राह्यली! हे काऊन?"

"शिकू दे," गुरुजी म्हणाले. पुंजाजीने हात जोडले आणि गेला. पोर गमावलेल्या बापाशी कोण वाद घालणार?

मंजुळाबाईंना मात्र सगळं कळत होतं. एकदा, फक्त एकदा लाँच खडकापासून वाचली, की या माणसाच्या जिवाचा घोर सरेल. पण गुरुजी मुलखाचे काटेकोर. परवा एक पोरगं खडक चुकवायच्या बेतात आलं, तर त्यांनी वारा झालेल्या पोराला दटावलं, "अजून जोरात! त्या दिवशीचा वारा असा नव्हता." लाँच बुडाली. त्या रात्री ते दोन घास जास्त जेवले. ओरडून ओरडून भूक लागत असेल, असं मंजुळाबाईंना वाटलं.

शिकवण्यातही कसूर नव्हती. तळ कसा असतो, माल कुठे भरला की लाँच कलते, सगळं त्यांनी जनावरांच्या हौदात रॉकेलचा डबा तरंगवून दाखवलं. लाँचवर होतं ते सगळं पाटावर होतं. पुढच्या टोकाला सुतळीने बांधलेला लोखंडी आकडासुद्धा.

"हे काय होय गुरुजी?" पुंजाजीच्या वासंतीने विचारलं होतं.

"नांगर."

वर्ग खदखदून हसला. "पान्यात काय पेरतेत गुरुजी?"

गुरुजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पुढचं शिकवू लागले.

वासंतीने सुकाणू धरायच्या आदल्या दिवशी मंजुळाबाईंनी तिला अंगणात बोलावलं, हातावर गुळाचा खडा ठेवला.

"वासंते, माह्या बापाचे बैल एकदा उधळले, पार विहिरीच्या काठापर्यंत गेले. मंग बापानं काय केलं असंन?"

"कासरा ओढला?"

"कासरा तर कवाच तुटला होता. नांगरावर सारा भार देल्ला. फाळ रुतला, बैल थांबले." त्या खाली वाकल्या. "तुह्या जहाजाले बी नांगर हाये ना व?"

वासंतीचे डोळे चमकले.

दुसऱ्या दिवशी इंजिन बंद पडलं, वारा झालेलं पोरगं गाल फुगवून सुटलं, पाट खडकाकडे सरकू लागला. वासंतीने चाक सोडलं, धावत पुढे गेली आणि आकडा जमिनीत रोवला.

"नांगर टाकला!"

पाटीवरची पोरं डोकी एकत्र करून बराच वेळ हिशेब करत राहिली.

"दोर पुरते, गुरुजी," शेवटी कचरू म्हणाला. "जहाज सरकत नाई."

"वारा वाढव."

वारा वाढला. पुन्हा हिशेब झाला. जहाज सरकलं नाही. वाढवून वाढवून वारा दमला, आणि मग गुरुजींनीच ठरवून दिलेली पहाट झाली. वारा पडला. लाँच खडकाच्या अलीकडे सुखरूप उभी होती.

पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. मंजुळाबाई सगळ्या वर्गासाठी गुळाची परात घेऊन धावत आल्या. दोन वर्षांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं. गुरुजी चाकाला धरून खाली बसले होते.

"अजी, वाचलं ना जहाज! मीच सांगतलं तिले नांगराचं. आता तरी पोटभर जेवसान ना?"

गुरुजींनी वर पाहिलं.

"म्हंजे इलाज होता, चिंतूचे माय," ते म्हणाले. "ते बाई दारात उभी राहून हेच इचारत होती. तुमच्या पोरानं नांगर काऊन नाई टाकला?"