दोन चमचे, सकाळ-संध्याकाळ

तिसऱ्या महिन्यातही कॅन सुग्रीवच्या गुडघ्याच्या वर येईना.

गावच्या दूध सोसायटीत चाळीस लिटरचे कॅन टेम्पोत चढवायचं त्याचं काम. माघात खांद्याचा स्नायू फाटला. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं व्यायाम सांगितला आणि एक डबा दिला. समुद्रातल्या माशांची पूड. "मांस भरून यायला मदत होते. दोन चमचे, सकाळ-संध्याकाळ."

जिथं प्यायच्या पाण्याची बोंब, तिथं समुद्र डब्यात बसून आला. सुग्रीवला धास्ती होती ती आईची. केसरबाई माळकरी, उंबऱ्यात कुणी अंड्याचं टरफल टाकलं तरी चूल सारवून काढायची. त्यानं डब्यावरचा कागद खरवडला आणि सांगितलं, "झाडपाल्याचं औषध हाय, आये."

पहिला आठवडा घोट घशाखाली उतरता उतरेना. नाक दाबून प्यायचा. मग वास मरत गेला. जिभेला सवय झाली, असं त्यानं धरलं. दर महिन्याला नवा डबा आला, खांदा मात्र जिथल्या तिथं.

"काय बे, डॉक्टरनं खडूचा भुगा दिला का?" सटवा विचारायचा. त्याचा या कामावर कधीपासून डोळा होता.

घरी आणखी वैताग. टँकर आला की केसरबाईच पळायची. आधी एक घागर तीन ठिकाणी टेकवत आणायची. आता डोक्यावर एक, कमरेवर एक. "पासष्टीच्या आईला राबवतंय, बघा," म्हणून गल्ली सुग्रीवला हसायची. तो रागारागानं तिसरा चमचा घ्यायचा.

शेवटी चेअरमन बबनराव म्हणाले, "सोमवारी भरला कॅन टेम्पोत चढवलास तर काम तुझं. न्हाई तर सटवाचं."

दुष्काळानं दूध इतकं आटलं होतं, की सोमवारी सगळ्या गावाचा मिळून एकच कॅन भरला. सुग्रीवनं दातओठ खाऊन तो ओढला. गुडघा. मांडी. तिथंच अडकला. सटवा बाह्या सारत पुढं झाला.

"सरका बरं जरा," मागून आवाज आला. केसरबाई शेळीचं अर्धा लिटर दूध घालायला आली होती. तिनं पदर खोचला, कॅन उचलला आणि टेम्पोत ठेवला.

बबनरावांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "काकू, उद्यापासून तुमीच या."

घरी जाताना सुग्रीव रडकुंडीला आला. "आये, एक दिवस चुकवला न्हाई मी औषध. मला कावून गुण न्हाई?"

"औषध कुठलं? डाळीचं पीठ पितोस तू," केसरबाई शांतपणे म्हणाली. "मला नाक हाय, लेका. मासा तुला खाऊ द्यावा तर तू बाटणार, आन् असल्या दुष्काळात अन्न फेकून तरी कसं द्यावं? म्हणून तुझ्या वाटचं पाप रोज दोन चमचे मीच खाल्लं."