शेखचा खोकला

फोनवर सल्हा होती, यम्माची, म्हणजे मुंजीच्या आईची, शेजारीण.

"मुंजी, तुझी आई अंगणात पडली रे. शुद्धीवर आहे, पण अंगाला नुसता घाम सुटलाय. साखरेचं पाणी देतेय तर तोंड फिरवते. म्हणते, अजान होऊ दे."

मुंजीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. रोजा सुटायला अजून पन्नास मिनिटं होती. साखरेचा आजार आहे, रोजे धरायचे नाहीत, असं डॉक्टरनं यम्माला तीनदा बजावलं होतं. यम्मा तीनदा हो म्हणाली होती.

"दे तिला फोन. यम्मा, दोन घोट घे गं. आजाऱ्याला अल्लाहची सूट आहे."

"अजान झाली?"

"नाही."

"मग उगाच डोकं नको खाऊ. झाली की लाव."

मुंजी रेडिओ केंद्राचा तंत्रज्ञ. साऱ्या मुलखाला आवाज पुरवायचा, पण मध्ये डोंगर आडवा असल्यामुळे त्याच्या आईच्या घरी रेडिओतून फक्त खरखर यायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. म्हणून रमजानभर रोज संध्याकाळी तो तिला फोन लावायचा आणि रिसीव्हर स्पीकरला टेकवायचा. मोठ्या मशिदीतून शेख ताहरची अजान तारेवरून केंद्रात यायची, तिथून फोनमधून यम्माच्या कानात. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि अंगणातलं ऊन डोंगर दुपार कलताच गिळून टाकायचा. तिचा दिवस मावळायचा तो फोनमध्येच.

काचेपलीकडे निवेदिका नजवा शोरब्याची कृती वाचत होती. स्वतः उपाशी, पण आवाजात तूप. बाकी सगळं केंद्र तहानेनं पेंगत होतं. टेबलावर उन्हाचा एक पट्टा पडला होता आणि पंख्याच्या पात्यांखाली तो पाण्यासारखा हलत होता. मुंजी थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसला. मग उठला.

तार तुटलीच तर हाताशी असावी म्हणून रोजची अजान टेपवर घेऊन ठेवत. कपाटातून त्यानं कालची टेप काढली. शेखला पंधरा दिवस खोकल्यानं धरलं होतं. दुसऱ्या हाकेनंतर श्वास घेताना तो रोज न चुकता खोकायचा. कालचा खोकला आज जसाच्या तसा ऐकू गेला तर यम्माच्या कानांनी चोरी पकडलीच समजा. मुंजीनं कानाला हेडफोन लावले, टेपची चक्री बोटांनी मागेपुढे फिरवत खोकला शोधला, पेन्सिलीनं खूण केली. ब्लेडनं वीतभर टेप कापली, टोकं जोडून पट्टी चिकटवली. बेमालूम.

हवेत आवाज सोडणारी कळ बंद आहे ना, हे त्यानं दोनदा पाहिलं. ही अजान चुकून बाहेर गेली असती तर अख्ख्या मुलखाचा रोजा मोडला असता. पंचवीस वर्षांत त्यानं अजान एका सेकंदानंही इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. त्यानं फोन फिरवला.

"यम्मा, झाली बघ वेळ. ऐक."

टेप फिरू लागली. त्यानं रिसीव्हर स्पीकरला टेकवला. शेखचा आवाज चढला, थांबला, स्वच्छ श्वास घेऊन पुन्हा चढला. अजान संपली. पलीकडून पेला दातांना लागल्याचा आवाज, आणि घोट. एकामागून एक घोट.

"पितेय रे, सगळं प्याली," सल्हा कुजबुजली. "खजूर तेवढा मुठीत धरून बसलीय."

मुंजीनं फोन ठेवला आणि दोन्ही तळहातांनी डोळे पुसले. माफ कर, असं तो पुटपुटला. यम्माला की अल्लाहला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

उन्हाचा पट्टा टेबलावरून उतरला, भिंतीवर चढला, तांबूस झाला. नजवा गप्प झाली. खरी वेळ व्हायला अर्धं मिनिट उरलं असताना फोन वाजला.

"लाव," यम्मा म्हणाली. आवाजात आता धार होती.

"काय लावू?"

"अजान. दुसरं काय लावतोस तू?"

"अगं, मघाशीच नाही का..."

"मघाची तुझी होती. आता शेखची लाव."

मुंजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"पंधरा दिवस खोकून खोकून बेजार झालाय बिचारा म्हातारा," यम्मा म्हणाली, "आणि आज एकदम ठणठणीत? कुठल्या हकिमाचं औषध रे हे?"

"कळलं होतं, तर मग प्यालीस कशी?"

"पोरानं माझ्यासाठी सूर्य बुडवला. मी काय नको म्हणू? उद्यापासून नाही धरत रोजे. तू खोटं बोलण्यापेक्षा ते बरं. पण अजान लावायची रोज, सांगून ठेवते."

तारेवर मशिदीतली खरखर आली. मुंजीनं डाव्या हातानं कळ वर सरकवली आणि उजव्या हातानं रिसीव्हर स्पीकरला टेकवला. शेखची पहिली हाक उठली, मग दुसरी. श्वास घेताना शेख खोकला.

"आला बघ," यम्मा म्हणाली, आणि मग तिनं मुठीतला खजूर तोंडात टाकला.